लेकीला पायोनियर प्रोजेक्ट आहे, घरात नक्की काय काय करून घेऊ?

प्रश्न: ताई, आम्ही आयोवात डे मॉइनजवळ राहतो. लेक ९ वर्षांची, धाकटा ६ चा. लेकीच्या वर्गात सध्या पायोनियर लोकांबद्दल शिकवतायत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन माळरान नांगरून राहिलेली माणसं. टीचरनी सांगितलंय की त्या काळातली घरकामं घरी करून बघा आणि त्यावर एक पान लिहून आणा. मी लिस्ट काढलीय: लोणी, मेणबत्त्या, साबण, गोधडी, ब्रेड, धुणं आणि चिंध्यांची बाहुली. नवरा म्हणतो ऑनलाइन किट मागव, तासाभरात होईल. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या हसतात, म्हणतात यात काय शिकायचं, आमचं अख्खं आयुष्य यातच गेलं. खरं सांगायचं तर लेक स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही. तिला यातनं काही कळेल की नुसती गंमत होईल? दोन शनिवार हातात आहेत. - गोंधळलेली आई

उत्तर:

अगं, तुझी लिस्ट वाचली आणि पहिलं हेच सांगते की त्यातली पाच कामं आधी खोडून टाक. दोनच ठेव, धुणं आणि लोणी. एकेका शनिवारी एकेक.

असं का म्हणते ते सांगते. माझी मुलं लहान होती तेव्हा आम्हीही अमेरिकेत त्याच पट्ट्यात होतो आणि मुलांच्या शाळेत असाच एक दिवस होता, मी मदतीला गेले होते. आम्ही आयांनी सहा टेबलं मांडली, एकीकडे मेणबत्ती, एकीकडे लोणी, एकीकडे गोधडीचे चौकोन, दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजली की मुलं पुढच्या टेबलावर. सगळं छान पार पडलं, फोटो छान आले, आणि संध्याकाळी माझ्याच मुलाने घरी सांगितलं की पायोनियर मुलांची मजा होती, त्यांना रोज क्राफ्ट असायचं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. चूक त्याची नव्हतीच, आम्ही त्याला तेच दाखवलं होतं. पंधरा मिनिटांचं काम, तेही सामान आधीच मापून ठेवलेलं, आणि अर्धवट टाकलं तरी कुणाचं काही अडत नाही, मग ते काम कसलं.

त्या घरांत एक काम दुसऱ्यात अडकलेलं असायचं. धुवायचं तर पाणी आणा, पाणी तापवायचं तर लाकडं आणा, साबण हवा तर वर्षभराची राख आणि चरबी साठवलेली हवी, आणि हे सगळं चालू असताना जेवणाची वेळ तर होतेच. मुलांना हीच साखळी कळायला हवी आणि त्यासाठी एकच काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करावं लागतं, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की घाबरू नकोस, तिथेच काहीतरी कळायला सुरुवात होते.

पहिला शनिवार धुण्याचा. त्या बायकांचा आठवडा साधारण ठरलेला असायचा, सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, मग शिवणटिपण, लोणी, साफसफाई, शनिवारी भाजणं, रविवारी सुट्टी. क्रम घराप्रमाणे मागेपुढे व्हायचा पण सोमवार बहुतेक ठिकाणी धुण्याचाच, आणि अख्खा दिवस त्यातच जायचा. तू शनिवारीच कर, फक्त आदल्या रात्री कपडे भिजत घालायला मुलांनाच लाव. जास्त नको, त्यांचे दोघांचे दोन दिवसांचे कपडे, दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा पुष्कळ झाला.

आता पाणी. घरातला नळ त्या दिवशी बंद समज. दुधाचा रिकामा एक गॅलनचा कॅन असतो ना, तो घे, त्यात ३.८ लिटर पाणी मावतं म्हणजे वजनही जवळपास पावणेचार किलो. बाहेरच्या नळावरून भरायचा आणि टबात आणून ओतायचा. धाकट्याला अर्धा कॅन भरून दे. धुवायला एक टब आणि खळबळायला एक टब, दोन्ही अर्धे अर्धे भरायचे म्हटलं तरी दहा खेपा होतात आणि पाणी होतं ३८ लिटर. लेकीला एका कागदावर प्रत्येक खेपेला रेघ मारायला सांग आणि शेवटी वजन किती वाहिलं त्याचा गुणाकार करू दे. टीचरना द्यायच्या पानावर हा गुणाकार हवाच. त्यानंतर तिला विचार की विहीर अंगणात नसून खाली ओढ्यावर असती तर, आणि घरात आठ माणसं असती तर. उत्तर तू सांगू नकोस, हात दुखत असतील तिचे, ती बरोबर सांगेल.

एका पातेल्यात थोडं पाणी तू स्वतः गरम कर आणि टबात मिसळ, कोमट पुरे. त्या काळी अंगणात चूल पेटवून मोठ्या काइलीत पांढरे कपडे उकळायचे, ते आपण करायचं नाही. क्रम मात्र तोच ठेव, आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी सगळ्यात मळके, कारण पाणी तेच वापरायचं असतं. हे मुलांना फार पटतं, एवढं वाहून आणलेलं पाणी फेकायला जीव होत नाही आणि शेवटच्या साबणपाण्याने अंगणातली फरशी धुवायची हे माझ्या मुलीला तर न सांगता सुचलं होतं. घासायला तिथे लाटालाटांची फळी असायची, वॉशबोर्ड, तो जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला तर घे, नाहीतर हातावर चोळा. आणि सासूबाईंना इथे बोलाव. पिळायचं कसं ते त्यांनाच दाखवू दे, चादरीला दोन टोकांना दोघांनी धरून उलट्या दिशेने पीळ द्यायचा वगैरे. नीळसुद्धा, पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ घालायची पद्धत तिकडच्या बायकांचीही होती, हे सासूबाईंना सांगितलंस तर त्यांनाही बरं वाटेल.

वाळत घालून झालं की मुलांना विचारू नकोस की मजा आली का. किती वाजले ते बघायला सांग, आणि आता जेवायला काय आहे असं विचार. कारण त्या दिवशी स्वयंपाक कुणी केलेलाच नसेल. ही भूक हाच धड्याचा अर्धा भाग आहे असं मी मानते. मग गार शिळं काहीतरी खा, शिळी पोळी, उकडलेला बटाटा, धुण्याच्या दिवशी त्यांच्याकडेही आदल्या दिवशीचंच उरलंसुरलं चालायचं.

साबण मात्र घरी करायचा नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगतेय. ते लोक लाकडाची राख साठवायचे, त्यातनं पाणी झिरपवून कडक क्षारपाणी काढायचे, त्यात अंडं तरंगलं की ते पुरेसं कडक झालं असं समजायचे आणि चरबीबरोबर तासन् तास उकळायचे, त्याचा तपकिरी, जेलीसारखा मऊ साबण व्हायचा. हे सगळं गोष्ट म्हणून सांग. पण ते क्षारपाणी किंवा हल्ली किटमध्ये येतो तो कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजून काढतो, सहा वर्षांचं पोर घरात असताना ते नकोच. साधी साबणवडी किसणीवर किसून घे, किसायला लेकीला दे, झालं. राखेने भांडी घासायच्या आठवणी सासूबाईंकडे असतीलच, राख का चालते हे त्या क्षाराच्या गोष्टीशी आपोआप जुळेल.

दुसरा शनिवार लोण्याचा. इथे तू म्हणशील यात काय नवीन, आपण तर लोणी काढतोच. पण फरक बघ, लेकीला फरकच लिहायचाय. आपण साय विरजतो, त्याचं दही होतं आणि ते रवीने घुसळतो, रवी गोल फिरते. तिकडे दूध पसरट भांड्यात थंड जागी ठेवायचे, वर आलेली क्रीम काढून साठवायचे, ती थोडी आंबट व्हायचीही, आणि उभ्या लाकडी पिंपात दांडा वरखाली आपटून लोणी काढायचे. आपण त्याचं कढवून तूप करतो कारण आपल्या हवेत लोणी टिकत नाही, ते लोक लोणी धुऊन, मीठ घालून ठेवायचे. आणि मुख्य म्हणजे ते नुसतं खायला नसायचं. लोणी आणि अंडी घेऊन बाई दुकानात जायची आणि त्या बदल्यात कॉफी, साखर, दोरा, कापड आणायची. शेतातल्या पिकाचे पैसे वर्षातनं एकदा येणार, तोवर घर चालायचं ते पुष्कळदा या लोण्याअंड्यांवर. पुरुषाने जमीन फोडली ही गोष्ट तिला शाळेत भरपूर सांगतील, लोण्याची कदाचित सांगणार नाहीत, म्हणून तू सांग.

करायचं असं: हेवी व्हिपिंग क्रीम आण, फ्रिजमधनं काढून थोडा वेळ बाहेर ठेव, साधारण १५ ते १७ डिग्री सेल्सियस बरी, फार गार असली तर हात तुटतात आणि फार कोमट झाली तर लोणी पातळ पातळ होतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी निम्म्याहून कमी भर आणि हलवत राहायचं, आळीपाळीने. काच धाकट्याच्या हातातनं सटकेल असं वाटलं तर प्लास्टिकची घे. आधी खळखळ आवाज येतो, मग क्रीम फुगते आणि आवाज बंद, आत काही हलतच नाही असं वाटतं. इथे सगळी मुलं बरणी खाली ठेवतात, "होत नाहीये" म्हणतात. इथे तू हात लावायचा नाही. आणखी काही मिनिटं हलवलं की एकदम धप्प असा आवाज येतो, गोळा एकीकडे आणि पातळ ताक एकीकडे. एक कप क्रीमचं साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास लोणी निघतं. मग गार पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, नाहीतर आत राहिलेल्या ताकाने ते लवकर खवट होतं.

ते ताक टाकू नकोस, लगेच मक्याच्या पिठाची भाकरी करा. त्या लोकांकडे गव्हाचं पीठ सुरुवातीला दुर्मिळच, मका मुख्य, मक्याच्या पिठात मीठ आणि उकळतं पाणी घालून तव्यावर जाडसर थापून भाजायचे. सासूबाई थापतील तशी ती होणार नाही, त्यांची चांगली होईल. लेकीला एक त्यांच्या हातची आणि एक स्वतःची अशी खायला दे.

सासूबाईंच्या हसण्याबद्दल. त्यांचं बरोबर आहे आणि थोडं चूकही. हाताला जे माहीत असावं लागतं ते त्यांना आहे, तुला मला नाही, म्हणून त्यांना गुरू कर, हे मनापासून सांगते. त्यांच्या समोर लेकीने वहीपेन घेऊन बसावं असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल कदाचित. पण त्यांचं आयुष्य आणि पायोनियर बाईचं आयुष्य एक करून टाकू नकोस, दोघींवरही अन्याय होतो. साताऱ्याकडचं गाव म्हणजे घराला घर लागून, आड गावातच, कुंभार लोहार परीट गावातलेच. तिकडे काय होतं ते तुला तुझ्या कारमधनं दिसतं. आयोवातले गावाबाहेरचे रस्ते बघितलेस ना, सरळ उभेआडवे, दर मैलाला एक. अमेरिकन सरकारने १७८५ च्या कायद्याने जमिनीचे एक मैल बाय एक मैल असे चौकोन आखले, एका चौकोनात ६४० एकर, त्याचे चार भाग केले की १६० एकर. सरकारी भाव होता एकरी सव्वा डॉलर, म्हणजे २०० डॉलरला असा एक तुकडा. आणि माणूस राहायचा त्याच तुकड्यावर, आपल्यासारखं गावठाणात घर आणि शेत लांब असं नाही. त्यामुळे शेजारीण अर्धा मैल लांब. बाळंतपण असो, हिवताप असो (आयोवात सुरुवातीच्या वर्षांत हिवताप फार होता), हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. लेकीला एकदा त्या रस्त्यावर गाडी थांबवून अर्धा मैल चालव, मग आजीच्या वाड्यातली गोष्ट ऐकव. पानभर मजकूर तिथेच तयार होईल.

पण पायोनियर लोक सगळं स्वतःच करायचे हेही खरं नाही हं. मीठ, कॉफी, लोखंड, कापड दुकानातनंच यायचं, धान्य कोठारं बांधायला शेजारी जमायचे, गोधड्या शिवायला बायका जमायच्या.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मी सोडणार नाही. ती जमीन रिकामी नव्हती. राज्याचं नावच आयोवे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांवरून आहे. तुम्ही राहता त्या डे मॉइनच्या भागात सॉक आणि मेस्क्वाकी हे मूळ रहिवासी लोक होते, त्यांच्याकडून १८४२ मध्ये करार करून घेतला आणि तीन वर्षांची मुदत दिली. ११ ऑक्टोबर १८४५ च्या मध्यरात्री मुदत संपली, बंदुकांचे बार उडाले आणि वाट बघत थांबलेले लोक जमिनी धरायला धावले. म्हणजे तुझी लेक जिथे पाण्याचे कॅन वाहील त्या जागेला एक तारीख आहे. मेस्क्वाकींपैकी काही लपून राहिले, काही परत आले, आणि १८५७ मध्ये पैसे जमवून त्यांनी टामा गावाजवळ ८० एकर जमीन चक्क विकत घेतली, आपल्याच प्रदेशात. आजही ते तिथे आहेत, तुमच्यापासून सव्वा तासावर, ऑगस्टमध्ये त्यांचा पॉवॉव, म्हणजे नाचगाण्यांचा मेळावा असतो, बाहेरच्यांनाही जाता येतं. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायचं वय नाही असं कुणी म्हणेल, मला तसं अजिबात वाटत नाही. मक्याची भाकरी थापतानाच सांग की मका कसा लावायचा हे नव्या लोकांना कुणाकडनं मिळालं. कामातनं सांगितलं की जड होत नाही.

तुमच्या अगदी जवळ अर्बनडेलला लिव्हिंग हिस्टरी फार्म्स आहे, तिथे १७०० सालचं आयोवे लोकांचं शेत, १८५० चं पायोनियर शेत आणि १९०० चं घोड्यांवर चालणारं शेत असं एकापाठोपाठ बघता येतं. ते थंडीत बंद असतं, तारखा बघून जा, आणि प्रोजेक्टच्या आधी नाही तर नंतर जा. हाताने पाणी वाहिलेलं मूल तिथली बादली वेगळ्या नजरेने बघतं, प्रश्नही बरे विचारतं. आणि आयोवे शेतापासूनच सुरुवात कर, पायोनियर शेतापासून नाही.

नवऱ्याचं किट राहू दे, पण नवऱ्याला सोडू नकोस. त्या घरांत मुलगे लोणी घुसळायचे आणि गरज पडली की मुली नांगरामागे चालायच्या, लहान पोरांचं काम आहे की मोठ्यांचं एवढंच बघितलं जायचं बरेचदा. त्यामुळे धुणं लेक आणि तू, आणि मुलगा बाबाबरोबर फोटो काढतोय असं होता कामा नये. चादर पिळायला बाबाच हवेत.

आता ताट न उचलण्याबद्दल, कारण मला वाटतं तुझा खरा प्रश्न तोच आहे. दोन शनिवारांनी ते बदलणार नाही. त्या काळी मुलं कामं करायची कारण त्यांनी केलं नाही तर घरात ती गोष्ट खरंच होत नसे. लाकडं आणली नाहीत तर चूल थंड. तुझ्या घरी तिने काही केलं नाही तर तू करतेस, मशीन करतं, म्हणून तिला कळायला जागाच नाही. तर प्रोजेक्टच्या दोन आठवड्यांसाठी तिला असं एक काम दे ज्यावर सगळ्यांचं काहीतरी अडतं. माझ्या मते संध्याकाळचा भात. तांदूळ मोजायचे, धुवायचे, पाणी घालून राइस कुकरचं बटण दाबायचं, नऊ वर्षांच्या मुलीला सहज जमतं. आणि विसरली तर ओरडायचं नाही, आठवणही करायची नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तू मागून जाऊन लावायचाही नाही. त्या दिवशी भात नाही. वरण वाटीतनं प्यायचं सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, त्यांना आधी विश्वासात घे कारण नातीसाठी त्या गुपचूप उठून कुकर लावतील. धाकट्याला पाण्याच्या बाटल्या भरायचं दे.

एकदा तरी विसरेल ती. त्या संध्याकाळी जे होईल ते तिने स्वतःच्या शब्दांत त्या पानावर लिहावं, पाण्याच्या रेघांच्या खाली, आणि तू त्यातलं स्पेलिंगसुद्धा दुरुस्त करू नकोस. पान शाळेत द्यायच्या आधी फोटो काढून मला पाठवशील का? मला वाचायचंय.